वर्कशॉपच्या टेबलाला चाकं लावायची आहेत? मग चाकावर छापलेल्या किलोंच्या पुढेही बरंच काही पाहावं लागतं

दहा बाय पंधराचा गाळा. एका कोपऱ्यात वेल्डिंग, दुसऱ्या कोपऱ्यात कटिंग, मध्ये ड्रिल मशीन आणि दारात टेम्पो उभा. अशा जागेत मोठं टेबल ठेवलं तर माणसाला हलायला जागा उरत नाही आणि टेबलच नसेल तर काम जमिनीवर येतं. म्हणून टेबलाला चाकं लावायची कल्पना जवळपास प्रत्येक कारागिराला कधी ना कधी सुचते. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत जाऊन ‘चार इंची चार द्या, ब्रेकवाली’ एवढं सांगितलं की दहा मिनिटांत काम होतं.

खरी परीक्षा नंतर सुरू होते. दोन-तीन महिन्यांत एखादं चाक फिरेनासं होतं, एकाचा पत्रा वाकतो आणि ब्रेक लावलेला असूनही रंधा मारताना टेबल डुलायला लागतं. दोष दर वेळी मालाचा नसतो. बऱ्याचदा चाक चांगलंच असतं, फक्त ते त्या टेबलासाठी, त्या जमिनीसाठी किंवा त्या कामासाठी नसतं.

चार चाकं, पण भागायचं तीनने

सुरुवात वजनापासून करावी लागते आणि इथेच अंदाज सर्वात जास्त चुकतो, कारण लोक रिकाम्या टेबलाचं वजन धरतात.

एक साधं उदाहरण घेऊ. चार फूट बाय दोन फुटांचं टेबल आहे. सांगाडा ४० बाय ४० मिमीच्या, २ मिमी जाडीच्या चौकोनी पाइपचा. पाय, वरची चौकट आणि खालची चौकट मिळून साधारण साडेदहा मीटर पाइप लागतो, त्याचं वजन सुमारे २४ किलो. वर ६ मिमीची लोखंडी प्लेट, ती एकटीच ३५ किलो भरते. खालच्या फळीला १८ मिमीचा प्लाय, ८ ते ९ किलो. म्हणजे नुसतं टेबल ७० किलोच्या घरात गेलं. आता त्यावर २० किलोचा शेगडा (व्हाइस), ५० किलोचं बेंच ड्रिल, खालच्या फळीवर ६० किलोची हत्यारं आणि एखादा १०० किलोचा जॉब ठेवला की आकडा ३०० किलोवर पोचतो. ७० किलोचं टेबल चौपट जड कधी झालं ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

तीनशे भागिले चार म्हणजे पंचाहत्तर, तर ७५ किलोची चार चाकं पुरतील, असा हिशेब बहुतेक जण करतात. पण तिवई कुठेही ठेवली तरी डगमगत नाही आणि चार पायांचं स्टूल मात्र खडबडीत कोब्यावर एक पाय हवेत ठेवतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. चाकांच्या टेबलाचंही तेच होतं. जमीन जरा वरखाली असली की चौथं चाक नावाला टेकलेलं असतं आणि भार उरलेल्या तिघांवर जातो. त्यामुळे चाकं चार असली तरी वजनाला भागायचं ते तीनने. तीनशेचे झाले शंभर.

त्यावर थोडी शिल्लक ठेवावी लागते. जॉब अलगद ठेवला जात नाही, तो आदळतो. टेबल उंबऱ्यावरून, केबलवरून, फरशीच्या सांध्यावरून जातं. साधारण एक तृतीयांश जास्त धरण्याची पद्धत आहे, म्हणजे शंभरचे १३३. बाजारात त्याच्या पुढचा जो आकडा मिळेल तो, बहुधा १५० किलो, घ्यावा.

चाकावर छापलेला आकडा कोणत्या परिस्थितीतला असतो हेही माहीत असावं. हाताने ढकलायच्या चाकांसाठीचं आयएसओ २२८८३ हे मानक ताशी ४ किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी, म्हणजे माणसाच्या चालीसाठी आहे. तीच ट्रॉली कुणी मोटारसायकलला बांधून ओढली तर तो आकडा लागू होत नाही. शिवाय दुकानात एक प्रश्न न लाजता विचारावा: हे किलो एका चाकाचे की चारांच्या सेटचे? वरवर बावळट वाटणाऱ्या या प्रश्नाच्या उत्तरावर चौपट फरक अवलंबून असतो.

मोठं चाक का घ्यावं?

कागदावर २ इंची चाकसुद्धा भरपूर वजन पेलताना दिसतं. पण पेलणं वेगळं आणि चालणं वेगळं.

समजा एका चाकावर ७५ किलो भार आहे आणि समोर ६ मिमीचा अडथळा आला. ६ मिमी म्हणजे फार काही नाही. एखादी जाडसर केबल किंवा दोन शहाबादी फरश्यांमधला उंचसखलपणा. ५० मिमीचं (२ इंची) चाक त्यावर चढवायला सुमारे ६४ किलोचा आडवा जोर लागतो. १०० मिमीच्या चाकाला ४० किलो आणि १२५ मिमीच्या चाकाला ३५ किलोच्या आसपास. हा निव्वळ भूमितीचा हिशेब आहे, यात ब्रँडचा संबंध नाही. लहान चाकाला तो अडथळा भिंतीसारखा वाटतो, मोठ्याला चढासारखा.

याचा धोका असा की लहान चाक अडकलं की माणूस जोर वाढवतो. खाली टेबल थांबलेलं असतं आणि वरचं ५० किलोचं ड्रिल पुढे झुकतं. जड वस्तू टेबलाच्या वर असेल तर चाकाचा व्यास हा सोयीपेक्षा सुरक्षिततेचा प्रश्न होतो. त्यामुळे वर्कशॉपच्या टेबलाला चार इंचांखाली जाऊ नये. जमीन तुटकी असेल किंवा टेबल अंगणात न्यावं लागत असेल तर पाच किंवा सहा इंच.

मोठ्या चाकाची किंमत उंचीत मोजावी लागते. चाक १२५ मिमीचं असलं तरी प्लेटसकट पूर्ण कॅस्टरची उंची दीडशे मिमीच्या पुढे जाते. उभ्याने काम करायचं टेबल साधारण ८५ ते ९० सेंटिमीटर उंच असतं. आधी पाय त्या मापाचे कापले आणि मग चाकं लावली, तर टेबल छातीपर्यंत येतं आणि दिवसाअखेर खांदे भरून येतात. म्हणून आधी चाक विकत घ्यावं, त्याची उंची टेपने मोजावी आणि मगच पाइपला कटर लावावा.

नायलॉन, पीयू, रबर की बीड?

इथे एकच उत्तर नाही. जमीन आणि कामाचा प्रकार, दोन्ही बघून ठरवावं लागतं.

नायलॉनचं पांढरं चाक बाजारात सर्रास दिसतं. ते कडक असतं, त्यामुळे दबत नाही आणि जड वजनही हलक्या हाताने सरकतं. तेल-ग्रीसचं त्याला फारसं काही होत नाही. पण ते आवाज करतं, धक्का जसाच्या तसा वर पोचवतं आणि जमिनीला अगदी छोट्या जागेवर टेकतं. खाली विट्रिफाइड टाइल असेल आणि ती पोकळ बसलेली असेल, तर अशा चाकाखाली तिला तडा जाऊ शकतो. गुळगुळीत टाइलवर आणखी एक अडचण आहे: ब्रेक लागला तरी कडक चाक तसंच घसरतं.

रबर याच्या उलट. शांत, जमिनीला धरून राहणारं, छोटे धक्के गिळणारं. मात्र जड टेबल महिनोन्‌महिने एकाच जागी उभं राहिलं की रबर खालून चपटं होतं आणि पुन्हा हलवताना टेबल ठेचकाळत जातं. काळं रबर फिकट फरशीवर डाग सोडतं, साधं रबर तेलात फुगतं. गॅरेजमध्ये किंवा लेथच्या शेजारी ते टाळलेलंच बरं.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन हा या दोघांमधला मार्ग आहे. आत बीडाचा किंवा नायलॉनचा गाभा आणि वर पीयूचा थर. शोर ए या मापावर रबर साधारण ७० ते ८० असतं, तर चाकांचं पीयू ८५ ते ९५, म्हणजे रबरापेक्षा कडक, पण नायलॉनइतकं निष्ठुर नाही. सुतारकाम, असेंब्ली, दुरुस्ती अशा बहुतेक टेबलांसाठी बीडाच्या गाभ्यावरचं पीयू हीच शहाणी निवड आहे.

पीयूच्या बाबतीत कोकण आणि गोव्यातल्या लोकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पीयूमध्ये पॉलिएस्टर आणि पॉलिइथर असे दोन प्रकार असतात. पॉलिएस्टर प्रकार दमट हवेत हळूहळू आतून विघटित होतो. फारसं न वापरलेलं चाकसुद्धा काही वर्षांनी चिकट होतं, भेगाळतं आणि चुरा होऊन गळतं. ठेवणीतल्या बुटांचे तळवे एक दिवस अचानक गळून पडतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं. दमट जागेसाठी पॉलिइथर पीयू मागावं आणि दुकानदाराला ते सांगता येत नसेल तर नायलॉनकडे वळावं.

वेल्डिंगच्या टेबलाचा नियम मात्र वेगळा. उडणारे तप्त थेंब पीयू, रबर आणि नायलॉन तिघांनाही जाळतात, आणि ग्राइंडिंगचा कीस मऊ चाकात रुतून बसतो. तिथे बीडाचं चाक लावावं. खडखड होईल, फरशीवर ओरखडे उठतील, पण वेल्डिंगच्या कोपऱ्यात तशीही फरशी कोण बघतं!

ब्रेक लावला तरी टेबल का डुलतं?

चाकांच्या टेबलाबद्दलची सर्वात मोठी तक्रार हीच असते आणि तिचं कारण कॅस्टरच्या रचनेतच आहे.

फिरत्या कॅस्टरमध्ये चाक प्लेटच्या मधोमध खाली नसतं. सायकलच्या चिमट्यासारखा लोखंडी भाग त्याला जरा मागे धरून ठेवतो. हे अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. त्यामुळेच टेबल ढकललं की चाक आपोआप वळून मागे येतं. अंतर नसतं तर चाक वळलंच नसतं.

आता साधा ब्रेक काय करतो? तो फक्त चाकाचं गरगर फिरणं थांबवतो. चिमटा प्लेटखाली डावी-उजवीकडे वळायला मोकळाच राहतो. म्हणजे चाक जमिनीवर रोवलेलं असलं तरी वरचं टेबल त्या चाकाभोवती छोट्या कमानीत हलू शकतं. चारही चाकं एकाच दिशेला तोंड करून उभी असतील, आणि टेबल ढकलत आणल्यावर ती तशीच असतात, तर टेबल आडवं झुलतं. रंधा, करवत किंवा कानस आडवी चालवली की नेमकी हीच हालचाल जाणवते. लोक ब्रेकला दोष देतात. ब्रेक मात्र त्याचं काम चोख करत असतो.

फुकटचा उपाय आहे. ब्रेक लावण्याआधी समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाकं टेबलाच्या लांबीच्या दिशेने आणि उरलेली दोन रुंदीच्या दिशेने वळवून ठेवायची. मग एका जोडीला जिकडे हलायचं असतं तिकडे दुसरी जोडी जाऊ देत नाही. चारही चाकं तिरकी, कोपऱ्यांतून बाहेर तोंड करून ठेवली तर टेबल सरकत नाही, पण मध्यबिंदूभोवती किंचित फिरू शकतं. म्हणून पहिली पद्धत जास्त पक्की.

पैसे खर्च करायची तयारी असेल तर ‘टोटल लॉक’ मागावा. त्यात एकाच पेडलने चाकही थांबतं आणि चिमट्याचं वळणंही. दुकानात खात्री करणं सोपं आहे: पेडल दाबायचं आणि प्लेट हातात धरून चिमटा फिरवून पाहायचा. फिरला तर तो साधा ब्रेक, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

तरीही हे लक्षात घ्यावं की कोणताही ब्रेक शेवटी चाक आणि जमीन यांच्यातल्या घर्षणावर उभा असतो. खाली लाकडाचा भुसा किंवा तेल असेल तर लॉक झालेलं चाकही घसरतं. त्यामुळे ज्या टेबलावर हातोडा चालतो, मोठा रंधा चालतो किंवा शेगड्यात धरून पाइप वाकवला जातो, त्या टेबलाने काम करताना चाकांवर उभंच राहू नये. त्यासाठी उचलून घेणारी कॅस्टर मिळतात. पेडल दाबलं की टेबल जेमतेम इंचभर वर उचलून चाकांवर येतं, पेडल सोडलं की पुन्हा स्वतःच्या पायांवर बसतं. दुसऱ्या प्रकारात चाकाशेजारीच स्क्रूवर खालीवर होणारा रबरी पाय असतो. तो खाली फिरवला की चाक जमिनीवरून सुटतं, आणि वरखाली जमिनीवर टेबल समपातळीतही आणता येतं. मापन किंवा असेंब्लीच्या कामाला हा प्रकार विशेष उपयोगी.

हलक्या टेबलासाठी, साधारण ऐंशी किलोपर्यंत, गावातला फॅब्रिकेटरही करून देईल असा स्वस्त मार्ग आहे. मागच्या दोन पायांना जमिनीपासून केसभर वर राहतील अशी दोन फिक्स चाकं लावायची. पुढची बाजू हाताने उचलली की टेबल मागे कलून चाकांवर येतं आणि हातगाडीसारखं ढकलता येतं. खाली ठेवलं की चार पायांवर पक्कं. तीनशे किलोच्या टेबलाला मात्र हे जमणार नाही, कारण एक बाजू उचलताना जवळपास निम्मा भार हातात येतो.

फिरती किती, फिक्स किती?

अरुंद गाळ्यात टेबल आडवंही सरकवावं लागतं, तिथे चारही चाकं फिरती हवीत. लांब अंतर सरळ न्यायचं असेल तर दोन फिक्स आणि दोन फिरती. चारही फिरती असलेलं जड टेबल उतारावर कुठे जाईल याचा भरवसा नसतो. फिक्स जोडी नेहमी टेबलाच्या एकाच टोकाला, समांतर आणि टेबलाच्या लांबीच्या रेषेत बसवावी, आणि ढकलताना फिरत्या चाकांच्या बाजूला उभं राहावं. फिक्स चाकं जराशी तिरकी बसली तर टेबल आयुष्यभर एकीकडे ओढत राहतं.

फिरतं चाक आत वळलं की टेबलाचा टेकू प्रत्यक्ष पायांपेक्षा आत येतो, हेही ध्यानात ठेवावं. दोन फूट रुंदीचं टेबल अशा वेळी त्याहून अरुंद जागेवर उभं असतं. बेंच ड्रिल, ग्राइंडर अशी उंच आणि डोक्यात जड यंत्रं टेबलाच्या कडेला न ठेवता मधोमध बसवावीत आणि खालच्या फळीवर वजन ठेवावं. टेबल हलवताना ओढण्यापेक्षा ढकलणं चांगलं. ओढताना जड टेबलाची चाकं पहिल्यांदा टाचेवरच येतात.

बसवताना

जड कामासाठी चार भोकांच्या प्लेटचंच कॅस्टर घ्यावं. एकाच दांड्यावर बसणारी कॅस्टर खुर्च्यांसाठी ठीक. प्लायला लाकडी स्क्रूने बसवलेली प्लेट पहिल्या मोठ्या धक्क्याला निघते, म्हणून आरपार बोल्ट, मोठा वॉशर आणि नायलॉकचा नट वापरावा. साधा नट थरथरीने सैल होतो.

लोखंडी टेबलावर कॅस्टरची प्लेट थेट वेल्ड करायचा मोह सगळ्यांना होतो. तो टाळावा. उष्णतेने आतलं ग्रीस जळतं, बेअरिंगची वाट खराब होते आणि चाक बदलायची वेळ आली की ग्राइंडर काढावा लागतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्लेटवर जस्ताचा मुलामा असतो. तो जळताना निघणारा धूर छातीत गेला तर थंडी वाजून ताप भरतो, अंग दुखतं. पायांना आधी जाड पट्टी वेल्ड करून तिला भोकं पाडावीत आणि कॅस्टर नट-बोल्टने लावावं. टेबलावर वेल्डिंग चालणार असेल तर अर्थिंगचा चिमटा थेट जॉबला किंवा टेबलाच्या प्लेटला लावावा, कारण करंट बेअरिंगमधून गेला तर गोळ्यांवर खड्डे पडतात.

दुकानात माल पाहताना चकाकीपेक्षा फिरत्या डोक्याकडे बघावं. प्लेट एका हातात धरून चिमटा बाजूला हलवून पाहिला की ढिलाई लगेच कळते. नव्या चाकातच खडखड असेल तर भाराखाली ती वाढणारच. प्लेटखाली गोळ्यांच्या दोन रांगा असलेलं डोकं एका रांगेच्या डोक्यापेक्षा जास्त टिकतं. चाकात बॉल बेअरिंग आहे की नुसती बुश, तेही विचारावं. बुश स्वस्त असते आणि क्वचित हलणाऱ्या टेबलाला चालून जाते, पण टेबल रोज हलत असेल तर बेअरिंगवर पैसे वाचवू नयेत.

लावल्यानंतर पहिल्या आठवड्यात सगळे बोल्ट एकदा पुन्हा आवळावेत. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी अक्षाला गुंडाळलेले दोरे, केस आणि कीस काढून फिरत्या डोक्यात थोडं ग्रीस भरावं. चाक जाम होण्याचं कारण पुष्कळदा झिजलेलं बेअरिंग नसतं, पोत्याची सुतळी असते.